म्हशीजवळ कोन राहीन

“तू आमच्या घरची हायेस का आता? लगन झालं, देवक पालटलं, आडनाव पालटलं. तुले कायले नेऊ मी दवाखान्यात?”

“रगत पालटलं का?” गुणाबाई म्हने. “सांग ना भाऊ, रगत पालटलं का माह्यं?”

“तोंड पाहा इचं! डाक्टरीन झाली.”

मुखरू बहिणीच्या आंगनात, बहिणीच्याच खाटेवर मांडी ठोकून बसला होता. बहिणीनंच केलेला गुळाचा चहा बशीत ओतून फुरकून राह्यला होता. मूल गावाकडून सकाळच्या लाहान गाडीनं शिंदेवाहीले उतरला, तिथून पायी आला. भाऊ आला म्हनून गुणाबाईनं आधी पाय धुवाले पानी देल्लं, मंग चहा देल्ला, आन मंग कायले आला ते आयकलं. आयकल्यावर तिले वाटलं, पानी देल्लं तेच चुकलं.

तो आला होता म्हशीसाठी.

सोमवारी घरचे सगळे चांद्याच्या दवाखान्यात जाऊन राह्यले होते, पोट दाखवाले. मांगं घरी म्हस. ती म्हस अशी कुजकी, का परक्या हाताले दूधच सोडे ना. गुणाबाईनं लगनाच्या आधी तिले पारडी असतानी वाढवली होती, म्हनून ती आजबी गुणाबाईचा हात वळखे. त गुणाबाईनं माहेरी यावं, म्हशीजवळ राहावं, आन बाकीच्यायनं दवाखान्यात जावं. असा हिशोब मुखरूनं लावला होता.

“डाक्टर बोलला तवा तू होता का तिथी?” गुणाबाईनं इचारलं. “मी होती. भैयाजी भाऊचं डोस्कं माह्या मांडीवर होतं. तू त बाहेर चिचेखाली बिडी वढत होता.”

“घान वास ये आत.”

“मले नोता येत? मले नाक नाई?”

मुखरूनं बशी पालथी घातली. हे त्याची सवय होती. बोलनं संपवाचं असलं का भांडं पालथं घाले.

गोष्ट अशी होती. गुणाबाईचा आजा रगत हागून मेला. बाप नानाजी तसाच मेला, तवा त्याचे केसबी पिकले नोते. आन मांगच्या पान्याच्या दिवसात मोठा भाऊ भैयाजी गेला. त्याची बायको कलाबाई रगत पाह्यलं का चक्कर येऊन पडे, म्हनून दवाखान्यात भैयाजीजवळ गुणाबाईच राह्यली. डाक्टरनं पोट फाडलं, आत पाह्यलं आन तसंच शिवून टाकलं. मंग खाटेजवळ येऊन गुणाबाईले इचारलं. डाक्टर पुन्याकडचा, भाषा धुतल्या धोतरासारखी.

“याच्या आतड्यात आतून गाठी आहेत. एक-दोन नाहीत, नुसता गालिचा आहे. त्यातलीच एक सडली. वडील कशानं गेले?”

“असेच जी.”

“आजोबा?”

“तेबी.”

डाक्टरनं चष्मा काढला. “मग ऐक, बाई. हे रक्तातून येतं. भाऊ, बहिणी, याची मुलं, सगळ्यांना घेऊन या. दुखत नसलं तरी या. नळी घालून आत पाहता येतं. गाठी लहान असताना दिसल्या तर नागपूरला पाठवून आतडं काढून टाकता येतं, माणूस जगतो. दुखायला लागल्यावर याल तर मी फक्त दार उघडीन.”

भाऊ, बहिणी, याची मुलं. गुणाबाईनं ते तसंच्या तसं डोस्क्यात ठेवलं आन घरी येऊन मुखरूले सांगतलं. पन त्याच्या आधी भैयाजीच्या तेरवीले भगत बसला होता. भगत म्हने, कुळाचा देव कोपला हाये, या चुलीचा भात ज्याच्या पोटात जाते त्याच्या मांगं हा रोग हाये. मुखरूनं डाक्टरचं आन भगताचं एकाच दावनीले बांधलं. चुलीवरचे जेवढे तेवढे दवाखान्यात न्याचे. तो सोता, त्याची बायको आशाबाई, भावाची रांडव कलाबाई. आन सालदार चैतू! चैतू सालभर त्यायच्याच चुलीवर जेवे ना.

“सालदाराले नेतं,” गुणाबाई म्हने, “आन बहिणीले म्हशीजवळ बसवतं. वा रे भाऊ!”

“चैतूनं आमचं अन्न खाल्लं.”

“मी का गोटे खाऊन वाढली?”

“तुह्यं अन्न आता सासरचं. तुले काई झालं त या घरचा देव पाहीन, आमचा नाई. येतं का नाई सोमवारी? का म्हशीचे थानं फुटू देऊ?”

तेवढ्यात सासू शकुबाई लाकडाचा भारा घेऊन आंगनात आली आन दोघंबी गप झाले. शकुबाईच्या समोर या रोगाचं नाव काढाचं नाई, हे गुणाबाईलेबी मालूम होतं. शकुबाईनं शेजारची एक सून तिच्या मिरगीपायी लेकरासकट माघारी धाडाले लावली होती, आन वर म्हने, मडकं वाजवून घ्याव लागते बापा.

“काय म्हनते भाऊ?” शकुबाईनं इचारलं.

“म्हशीसाठी आला,” गुणाबाई म्हने.

आन गेली ती सोमवारी. जाईन नाई त काय करन? दिवारीपासून तिलेबी रगत जात होतं. ते तिनं कोनाले सांगतलं नोतं. नवरा नथ्थू मायच्या तोंडाकडं पाहून जांभई देनारा मानूस, त्याले सांगनं म्हनजे शकुबाईले सांगनं. तिनं मनात ठरवलं, माहेरी जाऊ, गाडीत बसाच्या टायमाले भावाचा पाय धरू. भाऊच हाये, दगड थोडी हाये.

पन ती पोचली तवा बंडी जुपून तयार. सगळ्यायचे चेहरे उतरलेले. आधल्या दिवशी एरंडेल पेले होते, पोटात अन्नाचा कन नोता. चैतू सालदार बंडीत पोट धरून बसला होता आन दर घडीले उतरून नाल्याकडं पळत होता.

“गुणाबाई, म्या काय पाप केलं वं?” तो वरडला. “या घरात नांगर धरला हेच का?”

कलाबाई हासली, आन हासता हासता रडाले लागली.

गुणाबाई मुखरूजवळ गेली. “भाऊ, मले—”

“म्हशीले ढेप भिजवली हाये,” तो म्हने. “जास्त देऊ नको.” आन बैल हाकलले.

घरात राह्यली गुणाबाई, आन भैयाजीची पोरगी सोमारी. गुणाबाईनं तिले चुलीजवळ बसलेली पाह्यली आन कपाळावर हात मारला. जिचा बाप मेला ते पोरगी घरी, आन सालदार दवाखान्यात!

“तुले नाई नेलं वं?”

“काका म्हने, तू परायं धन. साल-दोन सालात दुसऱ्याच्या चुलीवर जाशीन. तुह्यावर कायले खर्च?” सोमारीनं खांदे उडवले. पंधराची असन, पन बोलाले पिकली होती. “आत्या, मले बरंच वाटलं. माय म्हने नळी इतकी मोठी असते.” तिनं कोपरापासून बोटापर्यंत दाखवलं. “आन मांगून घालते.”

“घालू दे. जीव त नाई ना घेत?”

“तुही जीभ अशी चालते आत्या, तुलेच न्याले पायजे होतं. डाक्टरनं नळी टाकून देल्ली असती.”

दोघीबी हासल्या. त्या घरात भैयाजी गेल्यापासून कोनी हासलं नोतं.

म्हशीनं गुणाबाईचा हात हुंगला आन भसाभस दूध सोडलं. सोमारीच्या हाताले ते अजून लागली नोती, म्हनून गुणाबाईनं पोरीचा हात आपल्या हाताखाली थानाले लावला. दुसऱ्या दिवशी गुणाबाई गोठ्यामांगं जाऊन बसली, आन उठून पायानं राख लोटून राह्यली होती, त मांगं सोमारी उभी.

पोरीनं राखेकडं पाह्यलं, मंग आत्याकडं.

“तुलेबी?”

“बवासीर हाये. तिखट जास्त झालं.”

“आत्या, बाबाचे धोतरं मीच धुवो,” सोमारी म्हने. “मले बवासीर सांगू नको.”

पोरीनं घमेलं आनलं, आनखी राख टाकली, वरतून शेन लोटलं, जसं काई रोजचंच काम हाये. मंग हात धुतले आन इचारलं, “काकाले सांगतलं?”

“आला का सांगतो.”

“रडून नको सांगू. रडलं का काका उठून जाते. मी पाह्यलं हाये.”

चांद्यावरून मंडळी आली ते मोठ्या गलबल्यानं आली. मुखरूच्या मांडीवर पेढ्याचा पुडा. बंडीवरून उतराच्या आधीच वरडला, “साफ! डाक्टर म्हने साफ! घासल्या लोट्यावानी आतून साफ हावो मी!” शेजाऱ्यापाजाऱ्याच्या हातावर पेढे टेकवले. म्हशीच्या कपाळालेबी एक चिकटवला.

चैतू मात्र फनफनत होता. “उपाशी ठेवलं, एरंडेल पाजलं, रांगेत वाकवून उभं केलं. आन डाक्टर इचारते, तू याचा कोन? म्या म्हनलं, सालदार जी. त म्हने, चल निघ! अरे, पाहाचंच नोतं त आधीच सांगाचं ना बापा, माह्या पोटात दोन दिवसाचं काई राह्यलं नाई!”

“आमालेबी हाकललं,” आशाबाई म्हने. “म्हने बायकोचं रक्त वेगळं असते. इतकी वाट तुडवली, आन आमचा नंबरच नाई.”

गुणाबाई कलाबाईच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. कलाबाईनं पेढा घेतला नोता. तिनं डोळ्यानं गोठ्याकडं खुनावलं.

गोठ्यात म्हशीच्या आडोशाले ती म्हने, “गुणा, डाक्टर लय भडकला. मुखरू भावजीले म्हने, मी रक्ताची मानसं सांगतली होती, तू वऱ्हाड घेऊन आला. ती बहीण कुठी हाये, जी भावाजवळ राह्यली होती? तिचं गाव सांग, मी माह्या कंपाउंडरले पाठवून तिले आनवतो. आन मेल्याची पोरगी कुठी हाये?”

“मंग?”

कलाबाईनं पदर तोंडात धरला.

“बोल ना वयनी.”

“भावजी म्हने, बहीण मेली जी. पान्याच्या दिवसातच मेली, भावाच्या मांगून. आन मेल्याले पोरगी नाई.”

म्हस रवंथ करत होती. गुणाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यली, मंग हात काढला.

“तू तिथंच होती ना वयनी? तू तोंड नाई उघडलं?”

“मी रांडव बाई, गुणा. त्याच्याच भाकरीवर हावो.”

गुणाबाई तशीच वसरीत गेली. मुखरू पाय पसरून बसला होता. पोट साफ निघालेल्या मानसाचं तोंड कसं फुगते, ते तिनं पाह्यलं.

“मले मारून आला का रे भाऊ?”

आशाबाई उठून आत गेली. मुखरूनं कलाबाईच्या नावानं एक शिवी हासडली, मंग आवाज बारीक केला.

“अकलेनं बोल. दवाखान्याचा मानूस तुह्या सासरी आला असता. काय म्हनला असता? या बाईच्या घरान्यात रोग हाये. तुही सासू कशी हाये ते मालूम हाये ना? दोन लेकरं तुह्या कंबरीले बांधून तुले माह्या दारात आनून टाकली असती. मंग?”

“म्हनून मेली म्हनलं?”

“त्यानं तू मेली का? पाहा, बोलून त राह्यली. चांगली तोंडानं बोलून राह्यली.”

गुणाबाईले सोमारीचं बोलनं आठवलं. ती रडली नाई. खाली बसली, पदर नीट केला आन म्हने, “भाऊ, दिवारीपासून मले रगत जाते.”

मुखरूचा पाय हालत होता तो थांबला. गुणाबाई वाट पाहून राह्यली, का तो म्हनन, अवं बाई, किती जाते? दुखते का? लाहानपनी एकदा भैयाजीनं पोट दुखते म्हनून सांगतलं होतं तवा बापानं त्याले पोटाशी धरलं होतं, तसं काईतरी.

“कोनाले सांगतलं?” मुखरू म्हने.

“तुले.”

“नथ्थूले?”

“नाई.”

“सांगू नको.” मंग त्याचा आवाज मऊ झाला, इतका मऊ का गुणाबाईले बरं वाटलं. “आयक. आता लगेच नाई जमत. लोकं म्हनतीन, आत्ताच त गेला होता, आता पुन्हा काऊन? होळी होऊ दे. मोह्याची फुलं पडाले लागली का बाया पहाटेच बाहेर निघते, कोनी इचारत नाई. तवा मी निरोप धाडतो, तू ठेसनावर ये. मी तुले डाक्टरकडं नेतो. पायावर पडीन त्याच्या, म्हनन चुकलं.”

“खरं?”

“तू माही बहीण हायेस का नाई?”

त्या दिवशी आंगनात बहीण नोती, आता झाली. गुणाबाईनं तेबी गोड मानून घेतलं. बुडत्याले काडीचा इचार करासाठी सवड नसते.

ती सासरी आली आन होळीची वाट पाहाले लागली. वाळून राह्यली होती. नथ्थू म्हने, “तू काऊन अशी चिपाड होऊन राह्यली?” ती म्हने, “तुह्या मायच्या हातचं खाऊन.” नथ्थू हासला. मानूस वाईट नोता. त्याच्यात वाईट व्हासाठी लागते तेवढाबी जोर नोता.

ती लुगडी नाल्यावर सगळ्याच्या आधी धुवे. नाल्यावर बायका म्हनत, गुणा लय सोवळी झाली वं. तीबी म्हने, हो, मले सर्गात जाचं हाये, तुमी बसा इथी. कधी पोटात कळ उठली का ती भैयाजीची आठवन काढे. त्याले कळ उठे तवा तो तिचा हात दाबे. तिनं कोनाचा दाबाचा? जात्याचा खुटा दाबे.

पन तिच्या मनात डाक्टरचं बोलनं घट होतं. लवकर दिसलं त मानूस जगते. दिवारी, पूस, माघ, फागन. हे लवकर हाये का उशीर, हे तिले कोन सांगन? एकच मानूस सांगू शकत होता, आन त्याच्या लेखी ती मेली होती.

चैत लागला. रानात मोहं टपटपाले लागलं, गावातल्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघाले लागल्या. शिंदेवाहीच्या बजारात चैतू सालदार भेटला.

“मुखरूभाऊनं सांगतलं, बुधवारी सकाळच्या गाडीले ठेसनावर ये. घरी काई बोलू नको.”

“बस इतकंच?”

“इतकंच. आन आता मले नका नेऊ म्हनाव!” चैतू हासला, पन तिच्या डोळ्यात डोळे घालून हासला नाई. ते गुणाबाईनं पाह्यलं. तिची नजर सुईसारखी होती, पन ज्याले जगाचं असते तो सुईनं फाटकं शिवते, उसवत नाई.

मंगळवारी ती एरंडेल पेली. कोनी सांगतलं नोतं, तिलेच मालूम होतं का आत साफ असल्याबिगर डाक्टरले दिसत नाई. दिवसभर उपाशी राह्यली. शकुबाईले म्हने, एकादशी हाये. शकुबाई म्हने, एकादशी परवाच झाली. ती म्हने, माही आज हाये. एरंडेलानं तिच्यातून इतकं रगत गेलं का गोठ्याच्या भिताडाले धरून ती घरात आली. तरीबी पहाटे उठली. लेकरं झोपली होती. लाहान्याच्या तोंडातला अंगठा काढला, त त्यानं झोपेतच पुन्हा घातला. मोह्याची टोपली डोस्क्यावर घेतली आन निघाली.

वाटेत मोह्याच्या झाडाखाली बाया फुलं येचून राह्यल्या होत्या. “गुणा, इकडं ये वं, इथी लय पडलं हाये!” “पुढं पाह्यतो,” ती म्हने. उपाशी पोटी मोह्याच्या वासानं तिले मळमळत होतं. मधात तीनदा बसली. मंग बसलीच नाई, कावून का बसलं का उठवत नोतं.

ठेसन म्हनजे एक खोली आन कडुनिंबाचं झाड. सकाळी तिथी दोन गाड्यायची गाठ पडे, एक चांद्याकडून येनारी, एक चांद्याकडं जानारी. चांद्याले जानारी गाडी आधीच येऊन उभी होती, इंजिन धापा टाकत होतं. गुणाबाईनं टोपली झाडाखाली ठेवली आन तिच्या डब्यायकडं पाहत राह्यली. यातल्याच एकात बसू. दुपारपर्यंत डाक्टर. नळी घालते त घालू दे, दोन घालू दे.

दुसरी गाडी आली. मुखरू उतरला. आन त्याच्या मांगून बोचकं घेऊन सोमारी उतरली.

गुणाबाईच्या डोळ्यात टचकन पानी आलं. अरे देवा, मी याले किती बोलली मनातल्या मनात! यानं पोरीलेबी आनलं. डाक्टरनं म्हनलं तसं, बहीण, आन मेल्याची पोरगी. भाऊ तो भाऊच.

“चला लवकर,” ती म्हने, “गाडी सुटन. तिकटं काढली का?”

मुखरूनं पोरीच्या हातातलं बोचकं घेऊन गुणाबाईच्या पायाजवळ ठेवलं.

“ही आता तुह्याकडं राहीन.”

“माह्याकडं? कायले? पह्यले दाखवू त दे.”

“दवाखान्यात नाई जाचं, गुणा.” त्यानं इकडं तिकडं पाह्यलं. “मी मांगच्या बजारी नथ्थूले भेटलो. सगळं सांगतलं. त्याच्या मायलेबी.”

गुणाबाईनं झाडाले हात लावला.

“तूच म्हने, सांगू नको.”

“तू नाई सांगाचं. बाईनं सांगतलं का मानूस भडकते, भावानं सांगतलं का सौदा होते. आयक पूर्न. सासू त लगेच म्हने, घेऊन जा तुही बहीण. म्या हात जोडले. म्हनलं, माही पोरगी देतो. भैयाजीची सोमारी. आतापासून घरी ठेवा, काम करन, लेकरं सांभाळन. गुणाचं बरंवाईट झालं का नथ्थूनं तिच्याशी लगन लावाव. लेकरायले परकी सावत्र माय येईन त्याच्यापेक्षा आपलीच पोरगी. शकुबाईले पटलं. तुले ते माघारी नाई धाडनार. तू तुह्या सोताच्या घरी मरशीन. आन काय पायजे बाईले?”

सोमारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राह्यली होती. तिनं मान वर केली नाई.

“तुले मालूम होतं?” गुणाबाईनं तिले इचारलं.

“गाडीत सांगतलं,” सोमारी म्हने. “गाडी चालू झाल्यावर.”

“मी एकटीच जातो चांद्याले,” गुणाबाई म्हने आन एक पाऊल टाकलं. पाऊल तिरपंच पडलं. मुखरूनं तिले दंडाले धरलं, पडू नाई देल्लं.

“जा. नथ्थूनं सांगतलं हाये, आज ते गाडीत बसली त लेकरायचं तोंड नाई दिसन. दवाखाना केला का गावभर होते, मंग त्या लेकरायले पोरी कोन देईन? आन तिथी जाऊन काय सांगशीन? डाक्टरच्या लेखी तू मेली हायेस. भूत म्हनून हाकलन तुले.”

आपल्या बोलन्यावर तो जरासा हासला. गुणाबाई हासली नाई. चांद्याले जानाऱ्या गाडीच्या गार्डानं झेंडी काढली होती.

“बरं,” ती म्हने. “माह्यं राहू दे. सोमारीले ने. आत्ता ने, गाडी समोर उभी हाये. तिचा बाप याच्यानं मेला, आत्या याच्यानं मरून राह्यली. तिचं अजून काई नसन भाऊ, असलं त लाहान असन. डाक्टरनं तिले बलावलं होतं. दाखव, आन मंग आनून दे मले, मी सोता तिले चुलीजवळ बसवतो. माह्या जागी बसवतो. मी काई म्हननार नाई.”

“डाक्टरनं घरच्यायले बलावलं होतं.”

“मंग?”

“सोमारी आता तुह्या घरची.”

गुणाबाईनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली, दोन्ही हातानं. जोर कुठून आला कोन जाने. सोमारीनं आत्याकडं पाह्यलं, मंग काकाकडं, आन हळूच बोचकं उचलून आपल्या डोस्क्यावर ठेवलं. तिले कळलं होतं.

मुखरू बाहीवरचं एकेक बोट सोडवाले लागला. लाहान लेकराच्या मुठीतून गूळ काढावा, तसं.

“म्हस आता सोमारीच्याच हाताले दूध सोडे,” तो म्हने. “आता काय करावं तेच समजून नाई राह्यलं. आशाबाईले त लाथा मारते.”

गाडीनं शिटी देल्ली.

“सोड वं गुणा. मले याच गाडीनं मूलले निघाव लागते आता.”